शाळेच्या मैदानात हरवलेला दागिना मेटल डिटेक्टरने कसा शोधावा: गोव्याच्या लाल मातीसाठी क्रमवार पद्धत

गॅदरिंग, क्रीडादिन किंवा पालकसभा आटोपली की कुणाची तरी अंगठी, मंगळसूत्राची वाटी नाहीतर चेन मैदानात गेलेली असते. पुढचं सगळं ठरलेलं. दहा-पंधरा जण मैदान तुडवतात, कुणी खराटा मारतो, कुणी मोबाईलवर ॲप उतरवतो, आणि चार दिवसांनी ओळखीतून एखादा डिटेक्टर येतो. तोवर दागिना पडला तिथे राहिलेला नसतो, आणि यंत्र आणणारा मैदानाच्या मधोमध उभा राहून विचारतो, ‘साधारण कुठे पडला?’ यंत्राचं काम चौथ्या टप्प्यापासून सुरू होतं. आधीचे तीन टप्पे गाळले, तर महागातलं महाग यंत्रही बिअरची झाकणंच काढून देईल. (शाळेच्या मैदानावर ती कुठून आली हे विचारू नका. आहेत.)

टप्पा १: मैदान आहे तसं ठेवा

खबर मिळताच तीन गोष्टी थांबवा: झाडणं, खेळणं आणि घोळक्याने शोधणं. खराटा सगळ्यात घातक. अंगठी पाल्याबरोबर सरकते, ढिगात जाते आणि ढीग कोपऱ्यात पेटवला जातो. पाल्याच्या आगीत सोनं सहसा वितळत नाही, पण लोहयुक्त लाल माती भाजली की जास्त चुंबकीय होते. मग त्या जागी डिटेक्टर सारखा कुरकुरत राहतो. झाडून झालं असेल तर तो कचरा पंचायतीच्या गाडीत जाऊ देऊ नका. गोणीत भरून, तोंड बांधून बाजूला ठेवा.

नंतर फक्त दोघांनी, मऊ तळव्याच्या चपला घालून, नजरेने शोधायचं. वेळ सकाळी सात-आठची किंवा दुपारी साडेचारनंतरची, कारण तिरप्या उन्हात सोनं चमकतं. काळोख पडल्यावर टॉर्च जमिनीलगत आडवी धरली तरी तोच परिणाम मिळतो. वरून खाली मारलेल्या उजेडात काहीच दिसत नाही.

सावध: गडग्याच्या भेगांत, चिऱ्यांच्या ढिगात किंवा उंच गवतात हात घालू नका. आपल्याकडच्या कातळावर फुरसं असतं आणि ते मातीच्या रंगात मिसळून जातं. काठीने हलवून, उजेड टाकून मगच पुढे व्हा. चावा झालाच तर शोध सोडा आणि १०८ ला फोन लावा.

टप्पा २: आधी माणसाला विचारा, मग जमिनीला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दागिना हरवलेली व्यक्ती घाबरलेली असते. जिथे लक्षात आलं तीच जागा ती ‘पडला ती जागा’ म्हणून सांगते. या दोन जागा क्वचितच एक असतात.

पहिला प्रश्न असा: दागिना शेवटचा अंगावर होता हे कशावरून? ‘मला वाटतं’ हे उत्तर धरू नका, मोबाईलमधले फोटो मागवा. त्या दिवशी शाळेत सगळ्यांनीच फोटो काढलेले असतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागितले की तासाभरात गोळा होतात. मात्र ग्रुपवर आलेल्या फोटोवर पाठवल्याची वेळ असते, त्यामुळे ज्याने काढला त्याच्या मोबाईलमधली मूळ वेळ विचारून घ्या. फोटो मोठा करून बोट, गळा, कान बघा. दागिना दिसतो असा शेवटचा फोटो आणि दिसत नाही असा पहिला फोटो वेगळे काढा. त्या दोन वेळांच्या मध्ये ती व्यक्ती कुठून कुठे गेली ते तिला मैदानात प्रत्यक्ष चालून दाखवायला सांगा. आई सांगते की ध्वजस्तंभापाशी गेली, आणि फोटोत मात्र अल्पोपाहाराच्या रांगेतच बोट रिकामं असतं. असं झालं की अर्धं मैदान आपोआप बाद होतं.

दुसरा प्रश्न: त्या वेळात हातांनी काय केलं? अंगठी बहुधा ओल्या, साबणाच्या किंवा घामेजल्या हातातून निसटते, म्हणून पाण्याचे नळ आणि त्यांचं गटार आधी बघा. चेंडू फेकला असेल, हात झटकला असेल तर अंगठी उडून काही मीटर लांब जाते. अशा वेळी शोधाची जागा फेकण्याच्या दिशेने वाढवायला हवी. चेन आणि मंगळसूत्र तुटतात ते रस्सीखेचीत, लहान मूल उचलून घेताना किंवा ओढणी-पदराची पिन अडकल्यावर. मंगळसूत्र तुटलं असेल तर आधी काळे मणी शोधा. काचेच्या मण्याला डिटेक्टर दाद देत नाही, पण मणी दिसले की वाटी त्याच वाटेवर असते. कानातलं पडतं ते फिरकी सैल झाल्यामुळे. त्यात फिरकी एकीकडे आणि फूल भलतीकडे सापडू शकतं.

तिसरी चौकशी घरची: साडीच्या निऱ्या, ब्लाउज, पर्सचा तळ, गाडीच्या सीटची फट, धुण्याची बादली. यादी करून एकेक बघायला लावा. ‘सगळीकडे बघितलं’ याला अर्थ नाही.

तपासणी: हा टप्पा संपताना तुमच्याकडे मैदानाचा कच्चा नकाशा हवा आणि त्यावर जास्तीत जास्त तीन जागा, प्राधान्याने १, २, ३ अशा. तुमचं बोट अजून ‘सगळं मैदान’ दाखवत असेल तर पुन्हा फोटोंकडे जा.

टप्पा ३: परवानगी

तोंडी ‘हो, या’ पुरत नाही. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज द्या. तारीख, वेळ, कुठल्या भागात शोधणार, किती खोल उकरणार, खड्डे बुजवणार आणि जे काही सापडेल ते कार्यालयात नोंदवणार, एवढं त्यात लिहा. सरकारी प्राथमिक शाळा असेल तर भागशिक्षणाधिकारी कार्यालयाला कळवायचं का, हे मुख्याध्यापकांनाच विचारा. एक गोष्ट हमखास विसरली जाते: गोव्यात शाळेसमोरचं मैदान शाळेचं असेलच असं नाही. ते कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), देवस्थानचं किंवा पंचायतीचं असू शकतं. मग परवानगी तिथूनही लागेल.

मुलं शाळेत असताना शोध घेऊ नका. रविवार किंवा सुट्टीची सकाळ घ्या आणि शाळेचा एक माणूस सोबत राहू दे. प्यून असला तर उत्तम, कारण पाण्याची पाईप आणि विजेची केबल कुठून गेली हे त्यालाच ठाऊक असतं.

सावध: शोधताना दुसऱ्याच कुणाची अंगठी सापडली तर ती खिशात घालायची नाही. मालकाचा शोध न घेता ती स्वतःकडे ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. शाळा संरक्षित स्मारकाच्या आवारात येत असेल तर खणण्याचा विचारच सोडा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने तिथे परवानगीशिवाय खोदकाम चालत नाही. जुनी नाणी किंवा भांडं लागलं तर हात थांबवा, जागा झाका आणि शाळेमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा.

टप्पा ४: कुठलं यंत्र चालतं, कुठलं नाही

मोबाईलवरची ‘मेटल डिटेक्टर’ ॲप सोन्यासाठी निरुपयोगी आहेत. ती मोबाईलमधल्या होकायंत्राच्या सेन्सरवर चालतात आणि फक्त लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ ओळखतात. सोनं, चांदी त्यांना कळतच नाही. लोहचुंबक दोरीने ओढत फिरणं हाही तसलाच प्रकार. चुंबकाचा खरा उपयोग नंतर आहे, चाळलेल्या मातीतून खिळे वेचायला.

सुरक्षारक्षकांकडची हातातली पट्टी सोनं ओळखते, पण काही सेंटिमीटरवरूनच. मैदान शोधायला ती अपुरी पडते. पहिल्या टप्प्यात बांधून ठेवलेली कचऱ्याची गोणी तपासायला मात्र ती छान. कचरा थोडा थोडा पसरून पट्टी फिरवा.

मैदानासाठी जमिनीवर फिरवायचा डिटेक्टर हवा आणि त्याला हाताने करता येणारा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहाचा गोंगाट दाबायची सोय हवी. ही सोय नसलेली खेळण्यासारखी यंत्रं आपल्या लाल मातीत नुसती ओरडतात. सोबत छोटी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) मिळाली तर तीच लावा. मोठी कॉइल खोल जाते, पण नुकता पडलेला दागिना मुळात खोल नसतोच. खिळ्यांच्या आणि झाकणांच्या गर्दीत छोटी कॉइल दोन वस्तू वेगळ्या ऐकवते. बारीक सोन्याला जास्त किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी बरी, निवड असेल तर १५ च्या वरची. पिनपॉइंटर, म्हणजे बोटभर जाडीचा हातातला शोधक, नसेल तर खणताना वेळ दुप्पट जाईल.

टप्पा ५: नमुना आणि सेटिंग

एवढा एक टप्पा नीट केला तर बाकी चुका पोटात घेता येतात, आणि नेमका हाच गाळला जातो.

हरवलेल्या दागिन्यासारखाच दुसरा मागवा: तेवढ्याच वजनाची, शक्यतो २२ कॅरटचीच अंगठी. ती छोट्या प्लास्टिक पिशवीत घाला, पिशवीला लाल लोकरीचा हातभर धागा बांधा आणि धाग्याचं दुसरं टोक लाकडी खुंटीला. आता हा नमुना त्याच मैदानावर, शोधायच्या भागालगत, जिथे यंत्र गप्प आहे अशा जागी ठेवा. त्यावरून कॉइल फिरवा आणि आवाज कानात बसवा. पडद्यावरचा आकडा लिहून घ्या. अंगठी आडवी ठेवून, उभी ठेवून, दोन बोटं माती टाकून पुन्हा बघा, आकडा किती हलतो ते कळेल. इंटरनेटवर ‘सोन्याचा आकडा अमुक’ असं वाचून येऊ नका. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, आणि प्रत्येक दागिन्याचा आकारही. नमुना काढून घेतल्याशिवाय जागा सोडू नका. एकाच्या जागी दोन अंगठ्या शोधायची पाळी यायची.

दागिन्यागणिक फरक मोठा आहे. अखंड वळ्याची अंगठी ठणठणीत आवाज देते, तीच कापलेली किंवा जोड सुटलेली असली तर आवाज पडतो. बारीक चेन फसवते. यंत्राला ती अख्खी चेन म्हणून न दिसता सुट्या कड्यांसारखी दिसते आणि जो काही आवाज येतो तो पदकाचा किंवा हूकचा. म्हणून चेनसाठी नमुनाही चेनचाच हवा. चांदीची अखंड जोडवी स्वच्छ वरचा सूर देतात. नाकातली चमकी डिटेक्टरने शोधायची आशा फार धरू नका, तिथे माती खरवडून चाळण्याला पर्याय नाही.

यानंतर ग्राउंड बॅलन्स. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात तर भरावाला खाणीची माती टाकलेली मैदानं आहेत. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीजवळून वीतभर वर आणि परत खाली अशी हलवत राहा आणि यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे बॅलन्स करा, वर-खाली करताना सूर सपाट होईपर्यंत. मातीचा रंग बदलला, गवतातून भरावावर आलात किंवा पाला जाळल्याची काळी जागा आली की पुन्हा करा.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती बारीक ऐकेल ते ठरवणारं सेटिंग, पूर्ण वर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. लाल मातीत त्याने यंत्र जास्त नव्हे, कमी ऐकतं, कारण मातीच्याच गोंगाटात दागिन्याचा सूर बुडतो. कॉइल स्थिर धरल्यावर यंत्र शांत राहील इथपर्यंत खाली आणा. वरून विजेच्या तारा जात असतील, जवळ पंप चालू असेल तर आणखी खाली. स्वतःच्या खिशातला मोबाईल, किल्ल्या, कमरेचा पट्टा, हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवा.

सावध: डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज बंद करायची सोय) वापरून ‘फॉइल’ गाळू नका. सर्वांत जास्त सोनं याच चुकीने जमिनीत राहतं. हलकी अंगठी, चॉकलेटची चांदी, डब्यातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा यंत्राला जवळजवळ सारखेच वाटतात. फॉइल गाळलं की अंगठीही गाळली. गाळायचंच तर फक्त लोखंड, तेही थोडंच.

तपासणी: सेटिंग झाल्यावर नमुना पुन्हा ठेवा. तो आता ऐकू येत नसेल तर सेटिंग चुकलं आहे, पुढे जाऊ नका.

टप्पा ६: पट्टे आखा

नकाशावरच्या १ नंबरच्या जागेभोवती चौकोन करा आणि त्यात सुतळीने मीटरभर रुंदीचे पट्टे. खुंट्या लाकडाच्या घ्या. लोखंडी खिळे ठोकले तर प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला यंत्र वाजणार. सुतळी नसेल तर मैदान आखायचा चुना चालतो. पट्ट्यांशिवाय फिरणारा माणूस सोप्या जागा तीनतीनदा बघतो, अवघड जागा एकदाही बघत नाही, आणि शेवटी ‘सगळं झालं’ म्हणतो.

टप्पा ७: कॉइल फिरवणं

कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटं वर. डावीकडून उजवीकडे एक फेरी पूर्ण व्हायला दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. दोन्ही टोकांना हात वर उचलला जातो, तेवढं सांभाळा. पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. हेडफोन लावा, बारीक सूर उघड्या कानाने वाऱ्यात निसटतात. गवत वाढलेलं असेल तर आधी कापून घ्या, पण कापलेलं गवत चाळल्याशिवाय फेकू नका.

सूर आला की थांबा आणि त्याच जागेवर काटकोनात फिरवा. खरी वस्तू दोन्ही बाजूंनी, त्याच ठिकाणी, आखूड आणि स्पष्ट आवाजात बोलते. चिऱ्याचा लोहयुक्त तुकडा असला तर सूर लांबट आणि पसरट येतो, कॉइल थोडी उचलली की नाहीसा होतो. बिअरची किंवा सोड्याची पत्र्याची झाकणं वरचा सूर देतात, पण आकडा उड्या मारतो. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. ती बऱ्याचदा लोखंडासारखी ऐकू येतात. जुने ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे मात्र छान फसवतात. वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू नावालाच धातू असते, तिचा त्रास फारसा होत नाही.

प्रत्येक सूर लगेच खणू नका. आईस्क्रीमच्या काड्या रोवत पट्टा पूर्ण करा, मग नमुन्याच्या आकड्याच्या आसपासच्या काड्या आधी आणि बाकीच्या नंतर. चौकोन झाला की पट्टे आडवे आखून तीच जागा उलट दिशेने पुन्हा. उभी रुतलेली अंगठी पहिल्या फेरीत क्षीण वाजून दुसऱ्या फेरीत स्पष्ट लागू शकते.

गोलपोस्ट, कुंपणाची तार, स्टेजचं काँक्रीट आणि ध्वजस्तंभाचा चौथरा यांच्याजवळ यंत्र भरकटतं. तिथे हातभर पट्टा पिनपॉइंटरने आणि बोटांनी बघायचा. मंडप जिथे घातला होता तिथे खिळे आणि बांधणीच्या तारेचे तुकडे असणारच, तिथे घाई नको. लांब उडीच्या खड्ड्यातली रेती सरळ चाळा, डिटेक्टरपेक्षा लवकर होतं.

टप्पा ८: उकरणं

पिकास आणि फावडं गेटबाहेर ठेवा. खुरपं पुरतं, आणि त्याआधी बोटं. आधी पिनपॉइंटर जमिनीवर टेकवा. नुकत्या पडलेल्या वस्तूसाठी तो वरच्या वरच वाजतो, तेव्हा गवताची मुळं बोटांनी विंचरली तरी काम होतं. उन्हाळ्यात माती दगडासारखी झालेली असते. तांब्याभर पाणी ओता, थोडा वेळ थांबा, मग खुरपं चालवा. खुरप्याचं टोक सुराच्या मध्यावर न मारता चार बोटं बाजूला मारा आणि तिरकं आत न्या. मऊ सोन्यावर उमटलेला ओरखडा मालकीण जन्मभर विसरत नाही.

हिरवळ असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटा, चौथी बाजू जोडलेली राहू दे. निघालेली माती गोणपाटावर टाका. खड्ड्यात पुन्हा पिनपॉइंटर घाला: सूर गेला असेल तर वस्तू गोणपाटावरच्या मातीत आहे.

तपासणी: माती परत भरून पायाने दाबली आणि तळहात फिरवून बघितला की मगच पुढची काडी. बुजवायचा राहिलेला लहानसा खड्डासुद्धा फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा घोटा मुरगळायला पुरतो.

टप्पा ९: मध्ये पाऊस होऊन गेला असेल तर

जूनमध्ये पडलेला दागिना चवथीच्या सुट्टीत शोधायला गेलात तर नकाशा बदललेला असतो. मऊ, गवताळ मातीत अंगठी जागच्या जागी काही बोटं खाली रुतते. उघड्या, उतरत्या मैदानात पाणी तिला ओढून नेतं, पण फार लांब नाही. २२ कॅरट सोनं मातीच्या खड्यांच्या सहापट जड असतं, म्हणून वाहतं पाणी मंदावतं तिथे ते बसतं: दगडाच्या मागे, मुळांच्या जाळीत, गटाराच्या पहिल्या वळणाला, जाळीखालच्या खड्ड्यात. मूळ जागेपासून उताराची रेषा धरा आणि या जागा क्रमाने बघा. गटारातला गाळ काढून बारीक चाळणीत पाण्याने धुवा, चिकट लाल चिखल कोरडा चाळता येत नाही. धुऊन राहिलेल्या खड्यांवर चुंबक फिरवून लोखंड काढा, उरलेलं पसरून पिनपॉइंटरने बघा.

मैदानावर पाणी साचलेलं असताना शोधायला जाऊ नका. पायांनी चिखल कालवला जातो आणि दागिना आणखी खाली जातो. दोन-तीन दिवस उघडीप मिळून जमीन ओलसर पण घट्ट झाली की उकरायला सगळ्यात सोपी असते.

टप्पा १०: सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

सापडल्या जागी आधी फोटो, मग हात. दागिना पाण्याने धुवा, चोळू नका. वाटी पोकळ असते, आत लाख भरलेली असू शकते. गरम पाणी नको. चेन मिळाली पण पदक नसेल तर तीच जागा पुन्हा यंत्राने बघा.

सुपूर्द करताना समोरच्याला दागिना दाखवण्याआधी वर्णन विचारा: नक्षी, आत कोरलेलं अक्षर, कुठे झिजलेला. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो. तो बिलावर असेल तर जुळवून बघा. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकारही पडताळता येतो. जुन्या आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांवर तो नसू शकतो, तिथे दुसऱ्या टप्प्यात गोळा केलेले फोटो उपयोगी पडतात. शाळेच्या वहीत नोंद, दोघांच्या सह्या, आणि सोबत सापडलेली नाणी व इतर वस्तूही कार्यालयात.

१, २, ३ या तिन्ही जागा दोन्ही दिशांनी झाल्या, गटार आणि गोणी तपासून झाली, तरी दागिना नाही, तर मैदान वाढवत बसू नका. दुसऱ्या टप्प्यातले फोटो पुन्हा काढा, वेळ परत तपासा, आणि चोरीची शंका असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. नकाशावर शोधलेला भाग रेघा मारून दाखवा, यंत्राचं सेटिंग व नमुन्याचा आकडा खाली लिहा आणि कागद शाळेत ठेवा. पुढच्या उघडिपीत दुसरा कुणी आला तर त्याला त्याच पट्ट्यांवरून सुरुवात करावी लागणार नाही.